बिजलीतांडेलांचं इंजिन

बिजलीतांडेल इंजिन हातात घेतलं की आधी त्याचा वास घ्यायचे. डोळे मिटून, आंब्याचा देठ हुंगावा तसा. मग म्हणायचे, "रेशीम जळलांय," किंवा "लाख जळलीय," किंवा नुसतंच, "घाबरू नका मास्तर, तेल करपलांय." आपल्याला दिसत असायचं ते फक्त वीतभर लांबीचं, हिरव्या रंगाचं, खेळातलं इंजिन. त्याच्या पोटात कुठली तार आहे, तिच्यावर कापूस गुंडाळलाय की रेशीम, हे त्यांनी उघडून बघितलेलंही नसायचं. उघडल्यावर मात्र ते म्हणतील तेच जळलेलं निघायचं. सात वर्षांत हा वास एकदाच चुकलेला मी पाहिला, आणि त्या दिवशी त्यांना सणसणीत पडसं होतं.

नाक असं तिखट, पण कान मात्र गेलेले. वीस वर्षं मोठ्या आगबोटींच्या इंजिनघरात डायनामोच्या शेजारी काढल्यावर उजवा कान पार बंद झाला होता आणि डावा अर्धामुर्धा उरला होता. पण मोटर नीट फिरते की नाही हे ऐकायला कान लागतात असं त्यांना वाटतच नव्हतं. बांबूची एक कामटी ते दातांत धरायचे, तिचं दुसरं टोक चालत्या इंजिनाच्या पाठीवर टेकवायचे आणि छताकडे नजर लावून उभे राहायचे. मोटरची घरघर कामटीतून दातांत आणि दातांतून डोक्यात. "कानात वारापण शिरतो, लोकांचां बोलणांपण शिरतां," ते म्हणायचे. "दातात फक्त मशिनीचां बोलणां शिरतां."

रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातलं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. तांडेल म्हणजे खरं तर खलाशांचा मुकादम, आणि हे काही तांडेल नव्हते. आगबोटीवरचे दिवे, तारा आणि पंखे सांभाळणं हे त्यांचं काम. पण रजेवर गावी आले की बंदरावर बसून विजेच्या गोष्टी सांगायचे. त्या काळी आमच्या रत्नागिरीत घरोघर कंदील आणि चिमण्या. वीज म्हणजे वळवाच्या पावसात कडाडते ती. बटण दाबलं की उजेड पडतो, हे ऐकून लोकांनी त्यांना बिजलीतांडेल करून टाकलं. त्यांचं खरं नाव मला ओळख होऊन तिसऱ्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर उगाचच परक्यासारखं वाटलं.

मी देशावरचा. एकोणीसशे तीसच्या आसपास रत्नागिरीच्या हायस्कुलात शास्त्राचा शिक्षक म्हणून रुजू झालो. चोवीस वर्षांचा, बी. एस्सी. झालेला, आणि वीज या विषयावर जगात माझ्याइतकं कळणारे थोडेच असतील अशा समजुतीत वावरणारा. नोकरी अजून कायम व्हायची होती. हेडमास्तर कडक शिस्तीचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. ते वर्गाबाहेरून नुसते गेले तरी आतली मुलं आणि मास्तर दोघेही ताठ बसत.

त्या वर्षी आमच्या शाळेत एक नवलाची पेटी आली. शाळेचा एक जुना विद्यार्थी जर्मनीत हँबर्गला नोकरी करत होता. त्यानं आपल्या शाळेसाठी विजेवर चालणारी खेळातली आगगाडी पाठवली. इंजिन, चार डबे, आणि जोडून चार वळणांचं मोठं वर्तुळ होईल इतके सरळ आणि वाकडे रूळ. आधी बोटीनं मुंबई, मग दुसऱ्या बोटीनं आमचं मांडवी बंदर, पडाव नावाच्या होडीतून धक्का आणि हमालाच्या डोक्यावरून शाळा, असा त्या आगगाडीचा प्रवास झाला. कारण रत्नागिरीला रेल्वे नव्हतीच. खरी आगगाडी बघायची तर समुद्रानं मुंबई गाठा, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. गावातल्या निम्म्याअधिक माणसांनी, आणि बायकांनी तर बहुतेक सगळ्यांनीच, आगगाडी फक्त चित्रात पाहिली होती. हेडमास्तरांनी जाहीर करून टाकलं, की स्नेहसंमेलनाच्या दिवशी ही गाडी सगळ्या गावाला दाखवायची. संगमेश्वरपासून हेदवीपर्यंत निरोप गेले. आणि गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं.

मोटारस्टँडवरून मी दोन बॅटऱ्या मागून आणल्या. इंजिन एका बॅटरीवर छान चालत होतं. मधल्या रुळातून वीज घ्यायचं, बाजूच्या रुळांतून परत करायचं आणि गोल गोल फिरायचं. हेडमास्तर बघून खूश होऊन घरी गेले. मी एकटा उरलो आणि मला हौस आली. एका बॅटरीवर इतकी पळते, तर दोन एकापुढे एक जोडल्यावर किती पळेल! जोडल्या. पळाली. असली पळाली की मी हसतच सुटलो. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला इंजिनाच्या धुराड्यातून धूर निघाला. खऱ्या इंजिनासारखा धूर बघून एक क्षणभर मला, शास्त्राच्या शिक्षकाला, आनंद झाला. मग वास आला.

संमेलन आठ दिवसांवर होतं.

बॅटऱ्या परत करायला गेलो तेव्हा मोटारस्टँडवरच्या ड्रायव्हरनं माझा चेहरा बघून विचारलं, "काय मास्तर, कोण गेला की काय?" मी रडवेला होऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग पेठकिल्ल्यात बिजलीतांडेलांकडं जावा. आमच्या गाडीचा डायनामो तेच बघतात." आणि मी निघालो तसा मागून हळू आवाजात म्हणाला, "फक्त शाळेत कुणाला सांगू नका. माणूस बोट जाळून आलाय, असां लोक म्हणतात."

इंजिन पंच्यात गुंडाळून मी पेठकिल्ला गाठला. अंगणात मासे सुकत होते आणि माडाच्या सावलीत एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस जाळं विणत बसला होता. मी तीनदा हाका मारल्या, पण त्यानं मान वर केली नाही. आतून एक बाई आल्या, त्यांनी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "अवो, शाळेतले मास्तर आलेत! चोरी केल्यासारखां तोंड झालांय त्यांचां!"

या तांडेलकाकी. नवऱ्याचा कान त्या होत्या, आणि पुष्कळदा तोंडही.

तांडेलांनी पंचा उलगडला, इंजिन नाकाशी धरलं. "रेशीम," ते म्हणाले. मग माझ्याकडे रोखून बघितलं. "दोन बॅटऱ्या लावल्यात?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. ते मोठ्यानं हसले. "मीपण लावलेल्या. एडनला. साहेबाच्या पंख्याला. पंखा असा फिरला की साहेबाची टोपी समुद्रात!"

त्या हसण्यानं माझ्या छातीवरचा दगडच उतरला. त्या क्षणापासून मला त्यांचा लळा लागला असं म्हटलं तरी चालेल.

पुढचे तीन दिवस मी शाळा सुटली की धावत पेठकिल्ल्यात. तांडेलांनी इंजिनाची मोटर बाहेर काढली. तिच्या फिरणाऱ्या गाभ्यावर तीन गुंडाळ्या होत्या, केसाहून थोड्या जाड तारेच्या. त्यांतल्या दोन काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. मला वाटलं, आता जळकी तार कापून टाकतील. पण त्यांनी एकेक वेढा उलगडायला घेतला, आणि दर दहा वेढ्यांना एक चिंचोका सुपात टाकायला मला सांगितलं. "जळलेल्याला टाकायचां नाय. तोच सांगतो आपल्याला, किती गुंडाळायचां आणि कुठल्या अंगानं." बी. एस्सी.च्या तीन वर्षांत मला कुणी हे शिकवलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत जळलेल्या वस्तू गुपचूप अडगळीत जायच्या.

तशी बारीक तार आणायची कुठून? मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. तांडेल मोटारस्टँडवर गेले आणि एका बिघडलेल्या मोटारीचा विजेचा भोंगा घेऊन आले. त्याच्या पोटात तीच तार, कोरी करकरीत! मी अंगणात अक्षरशः उडी मारली. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून त्यांनी ती तार माखली आणि गुंडाळायला बसले. ती जाड, राठ, दोर ओढून ओढून वाकडी झालेली बोटं. पण जाळं विणायची सवय असली की बोटांना न बघता अंतर कळतं. वेढ्याला वेढा असा चिकटून बसत होता की मध्ये नख शिरू नये. तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नसत. काकी मध्येच येऊन त्यांच्या तोंडात पानाचा विडा सारून जात, तो कुणी दिला हेही त्यांना कळत नसे.

तपासायला त्यांच्याकडे एकच हत्यार होतं. मोटारीच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब, एक बॅटरी आणि दोन मोकळी टोकं. एक टोक वीज आत घेणाऱ्या पट्टीला, दुसरं इंजिनाच्या लोखंडी अंगाला. "मोटर सोडवून ठेवलीय. आता दिवा लागता कामा नये," ते म्हणाले. "लागला तर वीज मधल्या वाटेनं पळून जातेय. शॉर्ट." दिवा लागला नाही. मोटर पुन्हा जोडून इंजिनाला वीज दिली, तेव्हा ते टेबलावर उलटं पडल्या पडल्या चाकं फिरवू लागलं. तांडेलांनी कामटी दातांत धरली, छताकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी अजून विसरलेलो नाही. देवळात गाभाऱ्यासमोर काही माणसं तशी हसतात.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या मोठ्या दालनात चाचणी होती. हेडमास्तर खुर्ची टाकून बसले. मी बटण दाबलं. गाडी निघाली, सरळ गेली, वळणावर आली आणि गचकन थांबली. बॅटरीच्या तारा हाताला चटका बसण्याइतक्या तापल्या. मी इंजिन उचलून टेबलावर उलटं धरलं, तर चाकं गरगर फिरायला लागली. पुन्हा रुळावर ठेवलं. पुन्हा सरळ गेली, पुन्हा वळणावर गचकन थांबली. तिसऱ्यांदा तेच. 

"गेल्या आठवड्यात तर चालत होती," हेडमास्तर म्हणाले. "कुणी हात लावला होता का हिला?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती. पण पेठकिल्ल्यातल्या त्या अंगणात तीन दिवस बसल्यावर मला ते जमेना. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "सर, मी जाळली. दोन बॅटऱ्या लावून. आणि पेठकिल्ल्यातल्या बिजलीतांडेलांनी ती दुरुस्त केली. आता काय झालंय ते मला कळत नाही. त्यांना कळेल."

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. "ज्यानं आगबोट जाळली, त्याच्या हातात तुम्ही शाळेची वस्तू दिलीत? आणि आता त्यालाच शाळेत बोलावता?"

"हो सर. त्यांनी हिला पुन्हा जिवंत केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. उद्या गाव जमणार आहे. त्यांच्याशिवाय दुसरं कुणीही नाही. माझी नोकरी राहो न राहो, पण त्यांना बोलवू द्या."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. हेडमास्तरांनी खुर्ची पुन्हा रुळांसमोर ओढली. मग म्हणाले, "माझ्यासमोर. मी इथून हलणार नाही."

तांडेल आले, सोबत काकी. पायातली धूळ दाराशी झटकून आत शिरले. हेडमास्तरांना लवून नमस्कार केला आणि थेट इंजिनापाशी गेले. वास घेतला. "नवां काय जळलां नाय." मोटर सोडवून दिव्याची दोन टोकं लावली, पण दिवा लागला नाही. मग मोटर परत जोडून गाडी रुळावर ठेवायला सांगितली आणि स्वतः जमिनीवर पालथे झोपले. कामटी दातांत, दुसरं टोक रुळाला. गाडी सरळ धावली, वळणावर आली, थांबली. ते पडल्या जागीच थिजले.  मला वाटलं, त्यांना भोवळबिवळ आली की काय.

मग ते उठून बसले, आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. "माझां चुकलां," ते म्हणाले. "टेबलावर तपासलां मी. त्या साहेबानं केली तीच चूक केली."

"कोण साहेब?" हेडमास्तरांनी विचारलं. काकींनी तो प्रश्न कानाशी नेऊन पोचवला.

तांडेल सांगू लागले. त्यांच्या शेवटच्या आगबोटीवर एका खोलीमागून जाणारी तार होती. बोट समुद्रात हेलकावे खायला लागली की ती तार लोखंडी फळीला घासायची. दिवे लुकलुकायचे. त्यांनी मोठ्या साहेबाला सांगितलं. साहेबानं बोट बंदरात आल्यावर तपासलं, आणि बंदरात बोट स्थिर. सगळं ठाकठीक. "साहेब म्हणाला, तू भिऊन राहतोस. दोन महिन्यांनी वादळात आग लागली. दोन खोल्या जळल्या, माणसां वाचली. साहेबानं लिहिलान, वायरमनचा हलगर्जीपणा. माझ्या नोकरीच्या पुस्तकात तसा शेरा मारून मला उतरवलां." ते थांबले. "सहा वर्षां झाली. मी ह्यां कुणाला सांगितलां नाय. कोण ऐकणार? आणि मीपण इंजिन जागच्या जागी तपासून बरां म्हटलां."

 मग तांडेलांनी मोटर पुन्हा सोडवली, दिव्याची टोकं इंजिनाला जोडली, इंजिन दोन्ही हातांत धरलं आणि वळणावर गाडी जशी बाहेरच्या अंगाला कलते तसं ते अंगठ्यानं हळूच एका बाजूला दाबलं.

दिवा लागला!

"लागला!" मी ओरडलो. त्यांनी अंगठा उचलला. विझला. पुन्हा दाबला. लागला. हेडमास्तर खुर्ची सोडून जमिनीवर गुडघे टेकून बसले. "मला बघू, मला बघू," म्हणत त्यांनी स्वतः अंगठा लावला. दिवा लागला तसे तेही ओरडले, "लागला हो!" चौदा वर्षांच्या नोकरीत त्या गृहस्थांचा असा आवाज शाळेनं ऐकला नव्हता.

तळाशी एक भोक होतं. मधल्या रुळावरून वीज घेणारी तार त्यातून वर मोटरकडे जात होती. भोकाच्या काठाला कारखान्यातच राहिलेला पत्र्याचा एक बारीक कंगोरा होता. गाडी कलली की तार त्या कंगोऱ्यावर टेकायची, आणि तिच्यावरचं रेशीम तिथं माझ्या त्या भरधाव फेऱ्यांत घासून राईएवढ्या जागेत कापलं गेलं होतं. तांडेलांनी कंगोरा घासून गुळगुळीत केला. "आता ह्याला नळी हवी," म्हणाले. काकी बाहेर गेल्या आणि शेजारच्या अंगणातून कोंबडीचं पीस घेऊन आल्या. पिसाची पोकळ दांडी कापून तार तिच्यातून ओवली, नळी भोकात बसवली, वर लाखेचा थेंब. इंजिन रुळावर. बटण दाबलं. सरळ गेली, वळणावर आली, कलली आणि सुसाट पुढे! दुसरं वळण, तिसरं, चौथं, पुन्हा पहिलं. मी, हेडमास्तर आणि काकी त्या वर्तुळाभोवती गाडीच्या मागे मागे फिरत होतो. तांडेल मात्र एका जागी मांडी घालून बसले होते आणि दर वेळी गाडी समोरून गेली की मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुंगीला जागा नव्हती. हेडमास्तरांनी भाषण चार वाक्यांत आटोपलं. मग म्हणाले, "ही गाडी आमच्याकडून जळली होती. ती ज्यांनी चालती केली ते हे गृहस्थ. बटण तेच दाबतील." गर्दीत कुजबूज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "हा तर बोट जाळलेला." हेडमास्तरांनी त्या दिशेला बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "ती बोट यांनी जाळली नाही. यांचं कुणी ऐकलं नाही, म्हणून ती जळली. मी काल स्वतः तपासून पाहिलंय." तांडेलांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. काकींना गेलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याच्या पाठीत एक हलका गुद्दा घातला, "दाबा की आता!"

गाडी धावली आणि गाव वेडं झालं. माणसं खांद्यांवर चढली, म्हातारी माणसं जमिनीवर बसून रुळाशी डोळे लावू लागली. शेजारच्या भाट्ये गावातल्या एका मासेविक्या आजीनं मला विचारलं, "मास्तर, ह्यात माणसां बसतात ती इवलीशी असतात काय?" मी तिला खऱ्या गाडीची लांबी हात पसरून दाखवली, तर ती खो खो हसली आणि तिनं त्यातला एक शब्दही खरा मानला नाही. त्या दुपारी गाडी किती फेऱ्या फिरली कोण जाणे. बॅटरी संपली, दुसरी लावली, तीही संपली. इंजिन एकदाही अडलं नाही.

हेडमास्तरांनी पुढच्याच आठवड्यात आगबोटीच्या कंपनीला इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की नोंदीत बदल करता येत नाही. ते तांडेलांना कसं सांगावं म्हणून मी दोन दिवस टाळाटाळ केली. सांगितलं तेव्हा ते विणत होते. हात थांबले नाहीत. "पत्र गेलां ना? मग झालां," म्हणाले. "निदान कुणीतरी लिवलां तरी." हेडमास्तरांनी ते उत्तर फाडलं नाही, शाळेच्या दप्तरात लावून ठेवलं. मला नोकरीत कायम केल्याचा कागद त्यांनी उत्तर आलं त्याच दिवशी माझ्या हातात ठेवला.

मग जे झालं त्याचं मला आजही हसू येतं. तांडेलांचं नाव मुंबईपर्यंत गेलं, आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून. तिथल्या बड्या घरांतल्या खेळातल्या गाड्या जळल्या, अडल्या, की त्यांची इंजिनं खोक्यात भरून बोटीनं रत्नागिरीला यायला लागली. ज्या गावात रेल्वे नाही, त्या गावात दर बोटीला एखादं तरी इंजिन दुरुस्तीला! बंदरावरचे हमाल खोकं उचलतानाच हाक द्यायचे, "तांडेल, तुमचा पेशंट आलाय!" कधी कार्बनची भुकटी तांब्याच्या पट्ट्यांत साचलेली, कधी खाऱ्या हवेनं तारांचे टाके हिरवे पडलेले, कधी कुणी माझ्यासारखाच हौशी. तांडेल सगळ्यांचा आधी वास घ्यायचे. आणि प्रत्येक इंजिन दुरुस्त झालं की टेबलावर न तपासता जमिनीवर रुळांचं वेडंवाकडं वर्तुळ मांडून, खाली ठिकठिकाणी नारळाच्या करवंट्या सारून, हलवून, कलवून, धक्के देऊन बघायचे. मी शाळेत तेच करायला लागलो. प्रयोग बिघडला की मुलांना म्हणायचो, "टाकू नका. उलगडा. काय म्हणतंय ते ऐका." पुढची तीस वर्षं मी जे काही शिकवलं, त्यातलं बरंचसं त्या अंगणातलं होतं.

सात वर्षांनी माझी नाशिकला बदली झाली. पावसाळ्याआधीची शेवटची बोट होती. तांडेल आणि काकी मला पोचवायला मांडवीच्या धक्क्यावर आले, मग पडावातही बसले, आणि पडाव आगबोटीला लागल्यावर तांडेल एकदम म्हणाले, "वर येतो जरा." काकींनी चमकून माझ्याकडे बघितलं. बोटीवरून उतरवल्यापासून त्या माणसानं आगबोटीच्या शिडीवर पाय ठेवला नव्हता.

वर आल्यावर ते माझ्याशी फार बोलले नाहीत. डेकवरून सावकाश हिंडत राहिले, कठड्याला हात लावत. एका खांबापाशी विशीतला एक वायरमन दिव्याचं झाकण बसवत होता. तांडेल त्याच्याशेजारी उभे राहिले, खांबामागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाबा, ही तार बोट हलली की खांबाला घासणार."

 त्या पोरसवद्या माणसानं या म्हाताऱ्या, बहिऱ्या, अनवाणी माणसाकडे बघितलं. म्हणू शकला असता, तुमचं काम करा. पण तो गुडघ्यावर बसला, तारेवरून बोट फिरवलं आणि वर बघून म्हणाला, "खरंच की, काका. घासलीय इथं." मग त्यानं पिशवीतून कापडाची चिकटपट्टी काढली. तांडेल त्याच्याजवळ बसले. दोघांनी मिळून ती तार गुंडाळली आणि खांबापासून दूर बांधली. भोंगा झाला, पोचवायला आलेली माणसं उतरू लागली. तांडेलांना तो ऐकूच गेला नाही. काकींनी खालून हाका मारल्या, शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना शिडीपर्यंत नेलं. मी वाकून पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला लाखेचा वास येत होता.

पुन्हा आमची भेट झाली नाही. तिसऱ्या वर्षी काकींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं, तेव्हा तांडेलांना जाऊन महिना झाला होता.

पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या दिवशीची संध्याकाळ. बोट हलली, पडाव मागे पडू लागला. मी कठड्याशी उभा राहून जोरजोरात हात हलवत होतो. काकी हात हलवत होत्या. तांडेल पडावात उभे होते, एका हातानं काकींचा खांदा धरून, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरून वर बघत होते. मी वळून पाहिलं. डेकवरचे दिवे लागले होते. बोट लाटेवर चढली, कलली, खाली आली, आणि खांबावरचा तो दिवा एकदाही लुकलुकला नाही.